आधी जागा, मग थेरपिस्ट: कोकणातल्या घरातून ऑनलाइन समुपदेशन घेताना

आमच्याकडे छातीत धडधडतंय म्हटलं की आधी कोणीतरी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतं, मग कोणीतरी पित्तावर म्हणून कोकमाचं आगळ पाण्यात घालून देतं, आणि दिवेलागणीपर्यंत वाडीतल्या चार घरांतून विचारणा येते, "तुका काय धाड भरली?" विचारणारे मायेनेच विचारतात. पण "लग्नाला नऊ वर्षं झाली, नवरा वसईला, मी इथे सासूबाईंबरोबर, आणि आम्ही फोनवर फक्त लाईटबिलाचं बोलतो" हे त्या मायेपुढे कसं सांगायचं? ज्याला सांगाल त्याची मावशी नेमकी तुमच्या चुलत सासूची शेजारीण निघते.

म्हणून माझ्या मते कोकणात ऑनलाइन थेरपीचा मोठा फायदा एसटीची खेप वाचते हा नव्हेच. ऐकणारा माणूस आपल्या पंचक्रोशीतला नसतो, हा खरा फायदा. अडचणही तिथेच आहे. ऐकणारा लांबचा असला तरी बोलणारा घरातच बसलेला असतो, आणि जुन्या कौलारू घरात मधल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत. माजघरातलं कुजबुजणं कौलांखालून आरामात ओटीवर उतरतं. राजापूर तालुक्यातल्या अशाच एका घरातून मी बारा सेशन केली. त्यातली पहिली दोन वाया गेली, कारण मी तोंड उघडून बोललेच नाही. त्यामुळे कुठलं ॲप घ्यावं, इथून मी सुरुवात करणार नाही.

दुखणं कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा

रोजचा ताण, उगाच लागून राहणारी काळजी, झोपेचं खोबरं, घरातली धुसफूस, चारचौघांत जायची भीती, नोकरी सुटल्यावर किंवा माणूस गेल्यावर येणारं रितेपण, या सगळ्यासाठी फोन किंवा व्हिडिओवरचं समुपदेशन चांगलं चालतं. चिंता आणि सौम्य ते मध्यम नैराश्यावर समोरासमोरच्या थेरपीइतकाच गुण व्हिडिओवरच्या थेरपीनेही येतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

काही गोष्टी मात्र फोनवर निभावत नाहीत. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, कानात आवाज येत असतील, कोणी रात्र रात्र न झोपता भलत्याच उत्साहात पैसे उधळत असेल, तर डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवा. रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबागचं सिव्हिलही आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू "उद्यापासून बंद" म्हणून घरच्या घरी तोडू नका. अचानक तोडल्याने झटके येऊ शकतात, ते काम डॉक्टरच्या नजरेखालचं. तातडीचं असेल तर ११२. आणि १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

दुसरं, थेरपिस्ट गाठण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे एक खेप घाला. थायरॉइड वाढलेलं असलं तरी धडधड आणि घाबरं होणं हुबेहूब चिंतेसारखं दिसतं. थायरॉइड कमी असेल किंवा अंगात रक्त कमी असेल तर माणूस नैराश्यात असल्यासारखा मरगळतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि छातीत दुखत असेल तर ईसीजी, एवढं उरकून घ्या. नाहीतर सहा महिने बालपणाबद्दल बोलत बसाल आणि दुखणं गळ्यातल्या ग्रंथीचं निघेल.

तिसरं, आकडा काढा. जीएडी-७ नावाची, चिंता मोजणारी सात प्रश्नांची प्रश्नावली नेटवर मराठीतही सापडते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला ० ते ३ गुण द्यायचे, एकूण २१ पैकी. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. हे निदान नव्हे, पण १० किंवा जास्त आले तर "होईल आपोआप बरं" म्हणून थांबू नका. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहून ठेवा. माझ्या १४ या आकड्याला घरचे बरेच दिवस विकलेल्या नारळांचा हिशोब समजत होते.

जागा आणि वेळ

यावर एक अख्खा दिवस घालवा. घरात, परड्यात, आसपास फिरा आणि दोनच गोष्टी तपासा: रेंज आहे का, आणि कोण ऐकेल. आमच्याकडे बहुतेक वेळा यातली एकच मिळते. खाली वाडीत एकांत असतो तर रेंज नसते, वर सड्यावर रेंजच्या चार काड्या असतात पण तिथे अख्खं गाव फोन लावायला येतं.

मी शेवटी मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, मागची बाजू धरली. माझ्या ओळखीतल्या कोणी खाडीकाठी गाडी उभी करून, कोणी दुपारच्या सामसूम जेटीवर, कोणी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून सेशन केली आहेत. गाडीत बसणार असाल तर ती उभी असली पाहिजे. चालवता चालवता थेरपी नको. घरातच बसायचं असेल तर दुपारी दोन ते चार ही कोकणाची देणगी आहे, जेवून सगळे आडवे झालेले असतात. दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावून ठेवा आणि दाराकडे पाठ न करता बसा. इअरफोन लावाच. त्याने पलीकडचं बोलणं तरी कोणाला ऐकू जात नाही, तुमचं अर्धंच कळतं, आणि अर्ध्यावरून गोष्ट रचायला थोडे तरी कष्ट पडतात.

पावसाळ्याचा वेगळा विचार करा. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की तुमचं बोलणं कोणाला ऐकू जात नाही, पण थेरपिस्टलाही जात नाही. लाईट तर जाणारच. पॉवर बँक, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, आणि रेंज ढेपाळली की व्हिडिओ बंद करून नुसता आवाज, हे आधीच ठरवून ठेवा. कॉल तुटला तर कोणी कोणाला फोन करायचा, किती मिनिटं वाट बघायची, आणि ती वेळ सेशनमध्ये धरायची की नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा. माझ्या एका सेशनमध्ये मी रडत असताना कॉल तुटला आणि दोन्हीकडचे दहा मिनिटं एकमेकांच्या फोनची वाट बघत बसलो.

थेरपिस्टबरोबर एक परवलीचं वाक्य ठरवा. मध्येच कोणी आलं तर "लाईटबिल भरायची तारीख कधी आहे?" असं म्हणायचं, की पलीकडून साधं काहीतरी बोलणं सुरू होतं. आपण त्या क्षणी कुठे बसलोय आणि तातडीला कोणाला फोन करायचा, हेही त्यांना सांगून ठेवा. चांगला थेरपिस्ट ते स्वतःच विचारतो.

आठवड्यातला वार आणि वेळ ठरलेली हवी, पण हंगाम बघून. बागायतदाराने मार्च ते मे "दर मंगळवारी चार वाजता" असं कबूल करू नये. मासेमारी करणाऱ्या घराला १ जूनपासूनचा बंदीकाळ बरा, माणूस किनाऱ्यावर असतो. होमस्टे चालवणाऱ्याने दिवाळी आणि मे महिना सोडून बघावा. गणपतीत कोणीही प्रयत्न करू नये, घरात पाय ठेवायला जागा नसते.

घरी काय सांगायचं? "माझा ऑनलाइन क्लास आहे" एवढं पुरतं आणि तसं ते खोटंही नाही. पण एका तरी माणसाला खरं सांगा, नाहीतर लपवण्याचाच नवा ताण होतो.

माणूस कसा निवडायचा

तीन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध तोच देऊ शकतो. ऑनलाइन औषध लिहून दिलं तर कागदावर त्याचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे, हे २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, थेरपी देतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. विचारायला लाजू नका, हापूस घेताना आपण देवगडचा की कर्नाटकचा असं चारदा विचारतोच की.

तिसरा समुपदेशक. रोजच्या ताणासाठी आणि नात्यांसाठी बहुतेकांना हाच लागतो, आणि घोळही इथेच जास्त. कोणीही पाटी लावू शकतो अशी परिस्थिती बरीच वर्षं आहे. मानसशास्त्र किंवा समुपदेशनात एमए किंवा एमएससी आहे का, किती वर्षं काम केलंय, अवघड केस आली तर कोणा वरिष्ठाचा सल्ला घेता का, हे तीन प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नावर जो चिडतो त्याला सोडून द्या. "तीन सेशनमध्ये गॅरंटी", पत्रिका बघून समुपदेशन, आठ दिवसांत मनाची शक्ती, असल्या जाहिरातींवरून बोट पुढे सरकवा.

शोध कुठून घ्यायचा? पैसे नसतील किंवा धीर होत नसेल तर १४४१६ वरूनच सुरुवात करा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून फोनवरून समुपदेशन करते. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून या क्षेत्रात आहे आणि मराठीत बोलणारी माणसं तिथे सहज मिळतात. खाजगीत एका सेशनचे काही शेकड्यांपासून दोन-तीन हजारांपर्यंत कितीही घेतात. परवडत नसेल तर "फी कमी होईल का?" असं सरळ विचारा, बरेच जण काही जागा कमी फीच्या ठेवतात. दहा सेशनचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. माझे पैसे एका ठिकाणी असेच अडकले, दुसऱ्याच सेशनला जमणार नाही हे कळलं होतं तरी.

भाषेचं बोलून घ्या. "मी मध्ये मध्ये मालवणीत गेले तर चालेल ना?" असं मी विचारलं होतं. राग आणि रडू प्रमाण भाषेत येत नाही. समजा थेरपिस्ट तुमच्याच तालुक्यातला निघाला, किंवा आडनाव ऐकून "तुम्ही त्या अमक्यांचे कोण?" असं विचारू लागला, तर नम्रपणे दुसरा बघा. एवढ्यासाठीच तर ऑनलाइन आलो.

ॲपवर जाणार असाल तर तुमची माहिती कोणाला दिली जाते ते वाचा. बेटरहेल्प या अमेरिकेतल्या मोठ्या थेरपी कंपनीने ग्राहकांची आरोग्याबद्दलची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवली, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. म्हणून मी ॲपपेक्षा थेट माणसाला पसंती देते. खरं नाव, फोटो आणि सगळे कॉन्टॅक्ट बघायची परवानगी न देता काम होत असेल तर देऊ नका. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल, तर थेरपिस्टला गप्प राहता येत नाही. हे पहिल्या सेशनला तो सांगेल. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

पहिलं सेशन

साधारण ४५ ते ६० मिनिटं. त्रास कधीपासून, झोप, भूक, घरात कोण कोण, आधी कधी उपचार, औषधं, दारू-तंबाखू, जिवाचा विचार, हे सगळं विचारतात. पोलीस चौकशीसारखं वाटेल, पण पहिलं सेशन तसंच असतं.

मग विचारतात, तुम्हाला यातून काय हवंय? इथे बहुतेक जण "मनःशांती" म्हणतात आणि गाडी रुतते. मला इथे ग्रामदेवतेपुढचं गाऱ्हाणं आठवलं. गाऱ्हाणं घालणारा गुळमुळीत बोलत नाही. कोण, कुठला, काय अडलंय आणि काय व्हायला हवं, हे नेमकं सांगतो. तसंच सांगा. "रात्री दोनला उठून कर्जाचे आकडे जुळवत बसतो, आठवड्यातून पाच रात्री. ते दोनवर यायला हवं." "सासूबाईंनी आवाज चढवला की मी तीन दिवस बोलत नाही. त्याच दिवशी शांतपणे उत्तर देता यायला हवं." अशी मागणी मोजता येते. फरक एवढाच, की गाऱ्हाण्याला जमलेले म्हणतात तसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणणारा थेरपिस्ट बरा नव्हे.

दोन-तीन सेशननंतरही सूर जुळला नाही तर तसं सांगा आणि बदला. त्यांना वाईट वाटेल म्हणून पुढे रेटू नका.

मधला आठवडा

सेशन आठवड्याला एक तास. उरलेले एकशे सदुसष्ट तास तुमचे. गृहपाठ न करता थेरपी म्हणजे शिंपण न करता रोप लावणं. चिंतेवर जास्त वापरल्या जाणाऱ्या सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलायच्या) पद्धतीत काय करायला लावतात, ते एका उदाहरणाने बघू.

समजा तुमची आंब्याच्या कलमांची बाग आहे. फेब्रुवारी, मोहोर भरलेला, आणि सकाळी उठून बघता तर आभाळ भरलेलं. वहीत चार रकाने पाडा. काय घडलं: ढग आले. मनात काय आलं: तुडतुडे पडणार, मोहोर जाणार, बँकेचा माणूस दारात येणार, मुलीची फी भरता येणार नाही, मी संपलो. अंगाला काय झालं: छातीत धडधड, पोटात गोळा. मग काय केलं: दिवसभर मोबाईलवर हवामान बघितलं, बायकोवर खेकसलो, फवारणीवाल्याचा फोन उचललाच नाही.

असं लिहिल्यावर दिसतं की ढगापासून "मी संपलो" पर्यंत मन पाच उड्यांत पोचलं आणि यातली एकही उडी अजून घडलेली नाही. इथे थेरपिस्ट "सकारात्मक विचार करा" म्हणाला तर तो कामाचा नाही, कारण ढगाने नुकसान होतं हे खरंच आहे. त्याने विचारायला हवं, यातलं आज हातात काय आहे? फवारणीवाल्याला फोन आहे, बँकेत जाऊन आधीच बोलणं आहे. आभाळ हातात नाही. हातातल्यासाठी आज एक काम ठरवायचं. हाताबाहेरच्यासाठी "काळजीची वेळ" ठेवायची: संध्याकाळी पाच ते सव्वापाच, ओटीवर वही घेऊन बसायचं आणि मनसोक्त काळजी लिहायची. रात्री दोनला तीच काळजी आली की तिला सांगायचं, उद्या पाचला ये. पहिले आठ दिवस ती ऐकत नाही, पुढे हळूहळू ऐकायला लागते.

धडधड सुरू झाली की चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. उच्छ्वास लांब ठेवणं महत्त्वाचं. रोज बरं असताना करून ठेवला तरच गरजेला आठवतो. आणि जे टाळताय, न उचललेले फोन, न उघडलेलं पाकीट, ते सगळ्यात सोप्यापासून एकेक करत जा. टाळल्याने त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं आणि भीती मोठी होते.

नात्याचा गुंता

एक जण मुंबईत, एक गावी, अशी जोडपी आमच्याकडे घरोघरी. त्यांना समोरासमोर एका खोलीत बसणं वर्षातून दोनदा जमतं, शिमग्याला आणि गणपतीला, आणि तेव्हा घरात वीस माणसं असतात. तिघे तीन ठिकाणांहून एका कॉलवर येऊ शकतात, ही ऑनलाइनची खरी कमाई. दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या इअरफोनवर बसा. चोरून रेकॉर्डिंग करू नका, आणि थेरपिस्टला पंच करू नका. गावकीत निकाल लागतो, इथे लागत नाही. "सांगा ना, चूक कोणाची?" याला तो उत्तर देणार नाही आणि पहिल्यांदा त्याचा राग येतो.

शिकायचं असतं ते बोलणं. "तुम्ही कधीच फोन करत नाही" याला समोरून "परवाच केला होता" एवढंच उत्तर येतं. "रविवारी रात्री फोन आला नाही की मला वाटतं, इथलं सगळं माझ्या एकटीच्या अंगावर टाकून दिलंय, रविवारी नऊला दहा मिनिटं माझ्याशी बोलाल का, पैशांचं सोडून?" याला उत्तर देता येतं. हे वाक्य तयार करायला मला दोन सेशन लागली. म्हणायला सोपं वाटतं, तोंडातून निघत नाही.

सातबाऱ्यावरची नावं, सामायिक घर, चुलत्यांचे हिस्से हे थेरपीने सुटत नाहीत, त्याला वकील आणि तलाठी. पण गौरी-विसर्जनाच्या रात्री तो विषय निघाल्यावर आपण उठून जायचं की काय बोलायचं, ते आधी ठरवायला थेरपीचा उपयोग होतो.

घरात मारहाण होत असेल तर जोडप्याने एकत्र सेशन घेऊ नये. तिथे बोललेल्याची शिक्षा नंतर घरी मिळते. बाईने एकटीने, सुरक्षित फोनवरून बोलावं. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. फोन नवरा बघत असेल तर कॉलची यादी पुसायला विसरू नका.

गुण येतोय का

चार आठवड्यांनी तीच सात प्रश्नांची यादी परत भरा. माझा आकडा चौदावरून आधी सोळावर गेला, मग अकरा, शेवटी सहा. दडपलेलं बाहेर काढलं की सुरुवातीला थोडं जास्त दुखतं, पण सहा-आठ सेशननंतरही आकडा आणि दिवस तसाच असेल तर थेरपिस्टशी उघड बोला: पद्धत बदलायची, की सायकियाट्रिस्टला दाखवायचं? औषध सुरू झालं तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. कमी करायचं तेही डॉक्टरच्या सांगण्यावरून. बरं वाटायला लागलं की सेशन पंधरा दिवसांनी, मग महिन्याने अशी लांबवत न्या.

आणि एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. सेशन संपलं की लगेच माणसांत जाऊ नका. कॉल नेमका साडेतीनला संपतो, चारला घरात चहा असतो, आणि तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. मधली वीस मिनिटं मोकळी ठेवा, विहिरीवर जाऊन तोंड धुवा, गड्याला हाक मारून काहीतरी फालतू विचारा. डोळे तरीही लाल असतील तर स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरायला घ्या.